उकळलेल्या बासुंदीचा रिपोर्ट

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत लग्नाच्या पत्रिका येत नाहीत, डबे येतात. पंगतीतलं उरलेलं अन्न, सोबत शिक्क्याचा कागद आणि पाठोपाठ फोन: "मॅडम, रिपोर्ट कधी?"

त्यातल्या एका लग्नाची बासुंदी माझ्या चांगलीच लक्षात आहे. पातेलं एकच, पण नमुने दोन. एक कुणा नातेवाइकाच्या फ्रीजमधला स्टीलचा डबा. दुसरा अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी आचाऱ्याकडच्या पातेल्यातून निर्जंतुक बाटलीत भरून, बर्फात ठेवून आणलेला. कागदावर मोजकंच लिहिलं होतं: जेवण दुपारी एकला, उलट्या चारच्या सुमारास, ताप फारसा कुणाला नाही.

निम्मी दिशा त्या कागदानंच दाखवली. साल्मोनेला एवढी घाई करत नाही. तो पोटात जाऊन वाढतो, मग त्रास देतो. त्याला निदान सहा तास लागतात, बहुतेकदा जास्तच. तीन तासांत उलट्या म्हणजे विष आधीच तयार होऊन वाटीत आलेलं. दुधाच्या पदार्थात असं करणारा नेहमीचा संशयित म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. आपल्या नाकात, कातडीवर, पिकलेल्या फोडात राहणारा. पंगतीत मसालेभातही होता, म्हणून बॅसिलस सिरियसची प्लेटही लावली.

संशयावर सही करता येत नाही, त्यामुळे साल्मोनेलाही बघावा लागतोच. त्याला आम्ही सहसा मोजत नाही, फक्त शोधतो. २५ ग्रॅम नमुना, २२५ मिली पेप्टोन वॉटर आणि रात्रभर ३७ अंशांची ऊब. ही पहिली पायरी मुद्दाम सौम्य ठेवलेली असते. आधी तापवल्यामुळे किंवा गोठल्यामुळे अर्धमेले झालेले जंतू थेट कडक माध्यमात टाकले तर मरतात, आणि आपण खुशाल 'नाही' लिहून मोकळे होतो. सावरले की मग इतरांना दडपणारी माध्यमं, मग एक्सएलडी अगारवर काळ्या ठिपक्याच्या वसाहती शोधायच्या, सापडल्या तर खात्रीच्या चाचण्या. यात चार-पाच दिवस सहज जातात. फोन करणाऱ्याला हे पटत नाही. एवढं करूनही रिपोर्टात येतं ते '२५ ग्रॅममध्ये आढळला नाही' एवढंच. उरलेल्या पातेल्याची हमी त्यात नसते.

मोजणीचं काम वेगळं. १० ग्रॅम बासुंदी ९० मिली द्रावणात घालून पिशवी स्टमॅकरमध्ये कुटायची. त्यातला १ मिली ९ मिलीत, त्यातला पुन्हा १ मिली पुढच्या ९ मिलीत. हे करताना कुणी गप्पा मारायला आलं तर मी उत्तर देत नाही. पिपेट कितव्या नळीत होतं हे विसरलं की सगळं पहिल्यापासून. शेवटी बेअर्ड-पार्कर अगारवर ०.१ मिली पसरवायचं. या अगारमध्ये अंड्याचा बलक असतो, आणि ऑरियस त्यावर काळ्या चकचकीत ठिपक्यासारखा उगवतो, भोवती स्वच्छ वलय.

या अगारच्या मागे एक स्वयंपाकघर आहे. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत माध्यम घट्ट करायला आधी जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात आणि उबेत ते वितळायचं. तिथल्या वाल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली घट्ट करायला समुद्रशेवाळातलं अगार वापरत. १८८१ च्या सुमारास त्यांनीच ते सुचवलं. पुढे १८८७ मध्ये पेट्री यांनी झाकणाची बशी दिली आणि ती घरोघर नावानिशी पोचली. हेसेबाईंचं नाव मात्र आमच्या क्षेत्रातही कित्येकांना ठाऊक नसतं. मला याचा राग येतो, दर वेळी येतो.

दोन दिवसांनी प्लेट्स बाहेर काढल्या. स्टीलच्या डब्याच्या सुरुवातीच्या प्लेट्स काळ्या गालिच्यागत भरलेल्या, मोजण्यापलीकडे. दहा हजार पट विरळ केलेल्या प्लेटवर ६२ वसाहती, त्यापुढच्या प्लेटवर ७. हिशेब जुळला. ६२ गुणिले दहा, गुणिले दहा हजार: ग्रॅममागे ६२ लाख. लाखाच्या आसपास गेलं की त्रास होण्याइतकं विष असू शकतं, इथे तर कितीतरी पुढे. ठरावीक वसाहती उचलून सशाच्या प्लाझ्मात घातल्या. नळी तिरकी केली तर आतलं गोठलेलं, हललंच नाही. ऑरियसच.

आणि आचाऱ्याच्या पातेल्यातला नमुना? सगळ्या प्लेट्स कोऱ्या.

एकाच पातेल्यातल्या बासुंदीत एवढा फरक कसा? मी अधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, लोक आजारी पडल्याचं कानावर येताच आचाऱ्यानं उरलेली बासुंदी पुन्हा खळखळून उकळली होती. त्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. उकळलं की शुद्ध, हे आपण सगळेच मानतो. पण उकळण्यानं जंतू मेले. त्यांनी सोडलेलं विष अर्धा-अर्धा तास उकळूनही टिकतं. त्या 'स्वच्छ' नमुन्याची काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर गोल जंतूंचे पुंजके दिसत होते. मेलेले, पण हजर. एलायझा किटनं विषाची चाचणी केली; दोन्ही नमुन्यांत होकारार्थी.

मधल्या काळात मुलीचे वडील येऊन गेले. रिपोर्ट आमच्या हातून त्यांना देता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, तरी आले. "ताई, म्हशी आमच्या, दूध आमच्या घरचं. त्यात काही नव्हतं हो." मी त्यांना सांगितलं, की काका, दुधात जंतू असले तरी आटवताना ते गेलेच असते. जे झालं ते नंतर. आदल्या रात्री केलेलं एवढं मोठं पातेलं लवकर निवत नाही. मध्यभाग तासन् तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंशांच्या त्या टापूत जंतूंचं फावतं. "मग कुणाच्या हातातून आलं?" त्यांनी विचारलं. आचाऱ्याच्या माणसाच्या बोटाला चिंधी होती, असं ते कुणाकडून तरी ऐकून आले होते. मी नाव घेतलं नाही. माझ्याकडे बासुंदी आली होती, कुणाच्या हाताचा नमुना नाही. तोही आला असता, जंतूंचे प्रकार जुळवून पाहता आले असते, तर गोष्ट वेगळी.

रिपोर्टात मी दोन्ही आकडे लिहिले आणि खाली शेऱ्यात: दुसरा नमुना घेण्यापूर्वी उकळला गेल्याचं कळवण्यात आलं आहे, जिवंत जंतू न आढळणं म्हणजे पदार्थ सुरक्षित होता असं नव्हे, विष आढळलं.

अधिकाऱ्यांचा फोन आला. "मॅडम, म्हणजे बासुंदी खराबच होती ना?"

"हो."

"मग शेरा एवढा मोठा?"

"आचाऱ्याचा वकील फक्त कोरी प्लेट दाखवेल, साहेब."

ते हसले आणि म्हणाले, शेऱ्याची एक प्रत वेगळी पाठवा, पुढच्या वेळी नमुना घेताना 'उकळलंय का' हे आधी विचारतो.