पहिल्या सातात कोण?

असोद्यात कबड्डीचा संघ बांधायची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा वाटलं होतं, नवी पोरं तयार करणं हेच काय ते अवघड. प्रत्यक्षात सगळ्यांत जड गेला तो वेगळाच निर्णय: आमच्या सगळ्यांत जुन्या चढाईपटूला पहिल्या सातात उतरवायचं, की राखीव पाचांत बसवायचं? या एका प्रश्नावर मी दोनदा चुकलो, तेही उलटसुलट दिशांनी. गावोगावी संघ चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच, म्हणून दोन्ही चुका मोकळेपणाने सांगतो.

या चढाईपटूला सगळा गाव दादा म्हणायचा. चढाईला जाताना श्वास कसा राखायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी प्रशिक्षक झालो तोवर त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. दिवसभर वांग्याच्या वावरात राबायचं आणि दिवेलागणीला मैदानावर यायचं, असा त्यांचा क्रम. उजवा गुडघा कुरकुरायचा. पट्टी बांधल्याशिवाय ते आत उतरत नसत.

पहिली चूक भिडेपोटी झाली. पहिल्या हंगामात यादी करायला बसलो की पहिलं नाव दादांचं. त्यावर विचार असा मी केलाच नाही. ज्याने आपल्याला घडवलं त्याला बसवायचं कसं, एवढंच डोक्यात. चढाई 30 सेकंदांची असते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हा नियम वय झालेल्या खेळाडूला फार जाचतो. तिसऱ्या चढाईत तो आत येणारच, हे समोरच्यांना पक्कं ठाऊक असतं. ते दोन चढाया नुसते मागे सरकून उभे राहायचे आणि तिसऱ्या वेळी कोपऱ्यातला गडी दादांचा घोटा धरायचा. चढाई करणारं एक ताज्या दमाचं पोरगं बाहेर बसून हे पाहत असायचं. मलाही सगळं दिसत होतं, पण मी बदल केला नाही. आम्ही हरलो त्यापेक्षा सुजलेल्या गुडघ्याने दादा दुसऱ्या दिवशी वावरात लंगडत फिरले, ते मला जास्त लागलं. मी ज्याला त्यांचा मान म्हणत होतो, त्याची किंमत त्यांचा गुडघा मोजत होता.

पुढच्या हिवाळ्यात मी दुसरं टोक गाठलं. वही घेतली आणि प्रत्येकाच्या चढाया, गुण आणि पकडी लिहायला लागलो. आकड्यांत ते ताज्या दमाचं पोरगं दादांच्या पुढे होतं, म्हणून मी दादांना बसवून त्याला उतरवायचं ठरवलं. आकडे खोटे नव्हते, माझी मोजणी अपुरी होती. आघाडीवर असताना दादा मुद्दाम रिकामी चढाई करून वेळ काढायचे, त्यासाठी वहीत रकानाच नव्हता. ते मैदानात असले की डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूला कधी झेप घ्यायची आणि कधी थांबायचं, हे त्यांच्या एका हाकेने कळायचं. तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे, हा निर्णय मी त्यांना आधी सांगितला नाही. नाणेफेकीच्या तोंडावर, सगळ्यांदेखत सात नावं वाचली. दादा तोवर गुडघ्याला पट्टी बांधून उभे होते. त्यांनी ती सोडली, नीट गुंडाळली आणि काही न बोलता बाकावर जाऊन बसले.

पूर्वार्धात पोराने झकास गुण आणले आणि आम्ही पुढे गेलो. उत्तरार्धात मात्र गरज वेळ काढायची होती, आणि त्याला थांबणं माहीत नव्हतं. दर चढाईला तो आत घुसत राहिला आणि सापडत राहिला. आमचे सगळे गडी बाद होऊन आमच्यावर लोण चढला, दोन जादा गुण गेले आणि आघाडी संपली. मी घाबरलो. अंग गरम करायलाही वेळ न देता दादांना आत ढकललं. पहिल्याच चढाईत आखडलेला पाय मागे आला नाही आणि ते पकडले गेले. सामना गेला.

रात्री त्यांच्या घरी गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मले बसाडलं त्याचं काही नाही रे. पन आधी सांगितलं असतं, तं त्या पोराले दोन गोष्टी सांगून ठेवल्या असत्या." ते ऐकून मला माझीच लाज वाटली. मी त्यांना न सांगून त्यांचं मन राखत नव्हतो, स्वतःची अडचण टाळत होतो. त्यात संघाचा शिकवणारा माणूसच मी गप्प बसवला होता.

त्यानंतर मी मोठे सामने वेगळ्या नजरेने पाहू लागलो. 2016 च्या विश्वचषकाची अंतिम लढत अहमदाबादला झाली. मध्यंतराला इराणपेक्षा 13-18 असा मागे असलेला भारत 38-29 ने जिंकला. आपल्याला अजय ठाकूरचे गुण आठवतात, आणि ते त्याचेच होते. पण कर्णधार होता बोनससाठी आणि थंड डोक्यासाठी ओळखला जाणारा अनुप कुमार. त्याच वर्षी प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामात पाटणा पायरेट्सने विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांचा कर्णधार धर्मराज चेरलाथन चाळिशी ओलांडलेला होता. तो मात्र चढाईपटू नव्हे, पकड करणारा. झेप कमी झाली तरी नजर शाबूत असेल, तर बचावात वय तितकं आड येत नाही.

मग दादांची जमेची बाजू, म्हणजे बोनस, मी नव्याने तपासली. बोनस तेव्हाच मिळतो, जेव्हा समोर किमान सहा गडी उभे असतात. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकायचा आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत ठेवायचा. दादा डाव्या हाताने कोपऱ्याला हुलकावणी द्यायचे, सगळ्यांचे डोळे त्या हाताकडे वळायचे आणि पाय टेकून परत आलेला असायचा. यात पळ कमी, नजर जास्त. आणि समोर सातच्या सात गडी हमखास केव्हा असतात? सामन्याच्या सुरुवातीला. म्हणजे वय झालेल्या बोनसवाल्याची खरी जागा पहिल्या सातातच होती, फक्त पूर्ण 40 मिनिटांसाठी नव्हती.

आता आम्ही तसंच करतो. दादा सुरुवात करतात, तिसरी चढाई पोराची असते. समोरचे गडी पाचावर आले की दादा बाहेर येतात. बाहेर आल्यावर ते बसत नाहीत, अंग गरम ठेवतात, कारण शेवटची मिनिटं आघाडी राखायची असेल तर पुन्हा त्यांचीच गरज लागते. कोण कधी उतरणार, हे आदल्या संध्याकाळी मी स्वतः एकेकाला सांगतो. आम्ही अजूनही सामने हरतो. पण जुन्या खेळाडूबद्दल "उतरवू की बसवू" असं मी आता विचारत नाही. सामन्याच्या कुठल्या घटकेला हा माणूस आपल्याला हवा आहे, हे आधी ठरवतो आणि ते सगळ्यांत आधी त्यालाच सांगतो.