मृगातला तांबडा उजेड

मृगाशी आपली पहिली ओळख पावसातून होते. ८ जूनच्या सुमारास सूर्य मृगात येतो, पेरणीच्या गोष्टी सुरू होतात, पण त्या दिवसांत ते नक्षत्र दिसत नाही. सूर्याबरोबर दिवसाच उगवतं आणि मावळतं. त्याची भेट हिवाळ्यात. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेचा चंद्र मृगाच्या आसपास असतो, महिन्याचं नावही त्यावरूनच आलं. तीच पौर्णिमा तेजोमेघांचे, म्हणजे वायू आणि धुळीच्या ढगांचे, फोटो काढणाऱ्याला नको असते. चांदण्यात फिकट तेजोमेघ बुडून जातात. आम्ही अमावास्या धरून बसतो.

चार कोपऱ्यांतले तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे पोटात रुतलेला बाण, आणि तो मारणारा व्याध आग्नेयेला लखलखतो. ही आकृती शेंबड्या पोरालाही सापडते. कोपऱ्यांतल्या ताऱ्यांपैकी काक्षीचा तांबूसपणा आणि राजन्याची निळसर झाक साध्या डोळ्यांनाही कळते. बाणाच्या खाली बारीक ताऱ्यांची एक ओळ आहे. तिच्यात मधोमध काहीतरी धुरकट दिसतं, तोच मृगाचा मोठा तेजोमेघ. दुर्बिणीतून ते राखाडी, थोडं हिरवट वाटतं. डोळा एवढंच देतो.

पुढचं सगळं देतो तो कॅमेरा, पण त्याला वेळ लागतो आणि पृथ्वी वेळ देत नाही. ती तासाला १५ अंश फिरते. ५० मिलिमीटरच्या भिंगाने शटर दहाएक सेकंदांहून जास्त उघडं ठेवलं की तारे लांबट होऊ लागतात. म्हणून ट्रॅकर, म्हणजे पृथ्वीच्या वेगाने उलट फिरत कॅमेरा ताऱ्यांवर रोखून धरणारं यंत्र. त्याचा अक्ष ध्रुवाच्या दिशेने लावावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुव फार खाली असतो. पुण्यातून जेमतेम साडेअठरा अंशांवर. उत्तरेला डोंगराची उंच धार आली की तो दिसेनासा होतो. सह्याद्रीत जागा हेरताना म्हणूनच मी आधी उत्तर पाहतो, मृग नंतर. मग दोन-दोन मिनिटांचे फोटो रात्रभर घेत राहायचं, भिंगावर दव धरतंय का बघत राहायचं, आणि घरी येऊन ते सगळे संगणकावर एकावर एक रचायचे. कॅमेऱ्याने स्वतः घातलेले ठिपके प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात, ते विरतात. आकाशातून आलेला उजेड दर वेळी त्याच जागी असतो, तो साठत जातो.

असा फोटो दाखवला की एक प्रश्न हमखास येतो: हा लाल रंग खरा का? खरा आहे. तेजोमेघातला तापलेला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश सोडतो. अंधारात आपला डोळा रंग ओळखत नाही, आणि तांबड्याला तर तो जवळजवळ आंधळाच होतो. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांतही एक गाळणी असते, ती यातला बराचसा उजेड अडवते. ती काढून घेतलेला कॅमेरा मृगावर धरला की बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याशेजारी फ्लेम तेजोमेघ पेटतो, आणि हरणाच्या पोटाभोवती बर्नार्डचा लाल अर्धवेढा उमटतो. इतकी वर्षं पाहिलेलं नक्षत्र आतून किती भरलेलं आहे, हे त्या क्षणी कळतं. फोटोला खोटं म्हणणाऱ्यांशी मी भांडतो ते यासाठी.

मृगाच्या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपरने न्यूयॉर्कजवळ ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला, ५१ मिनिटांचा. तीनच वर्षांत इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमनच्या फोटोच्या काचेवर दुर्बिणीतूनही न दिसलेले तारे उतरले. पण मला सर्वांत जवळची वाटते विल्यमिना फ्लेमिंग. ही बाई हार्वर्ड वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण होती. पुढे वेधशाळेत काचेच्या प्लेट तपासू लागली. १८८८ च्या एका प्लेटवर, त्या फ्लेमजवळच, तिला उजळ पट्ट्यात अर्धगोल खाच दिसली. पुढे जगभर पोचलेला घोड्याच्या डोक्याचा काळा आकार तो हाच. नंतरच्या मोठ्या सूचीत शोधाच्या जागी फक्त पिकरिंग हे आडनाव छापलं गेलं; तिचं श्रेय तिला मागाहून मिळालं. तो आकार आपल्या बाजूला आलेल्या दाट धुळीचा आहे, मागचा तांबडा उजेड अडवणाऱ्या. म्हणजे हा फोटो निघतो तोच मुळी काळोखाचा.

मोठा तेजोमेघ सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर आहे. आज सेन्सरवर पडणारा त्याचा उजेड बदामीच्या चालुक्यांच्या काळात निघाला. त्याच्या गाभ्यात चार कोवळे तारे जवळजवळ बसले आहेत. त्यांतला सर्वांत तापलेला तारा भोवतालचा वायू पेटवून ठेवतो. त्या चौघांसाठी काही सेकंदांचे वेगळे फोटो घ्यावे लागतात, नाहीतर गाभा पांढराफटक होतो.

एवढ्या लांबून आलेला उजेड शेवटच्या काही किलोमीटरांत हरतो, गावच्या दिव्यांपुढे. मंदिरांवर, पेट्रोलपंपांवर, फार्महाउसांवर वर तोंड करून बसवलेल्या एलईडी झोतांनी मावळातलं आकाश राखाडी होत चाललं आहे. यावर उपाय आहे. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरातल्या गावांनी रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे वळवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. तुमच्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत हा विषय काढा. दिवा बंद करा असं कोणी म्हणत नाही. त्याचं तोंड फक्त खाली करा.