बंद फियाट जागी करताना

सेल्फ मारायचा नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीपाशी गेल्यावर पहिला नियम हाच. नवी बॅटरी जोडून किल्ली फिरवायचा मोह प्रत्येकाला होतो आणि चांगली इंजिनं तिथेच वाया जातात. पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला चिकटलेल्या असतात. जोराचा हिसका बसला की रिंग तुटते, बोअरवर ओरखडा उठतो. थोड्या तेलानं आणि धीरानं जे झालं असतं, त्यासाठी मग अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

*

गाडी 1959 ची फियाट 1100. आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात ती. पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. इंजिन 1089 सीसी, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. नोंदणी महाराष्ट्र राज्य होण्याआधीची, मुंबई राज्याची. मामांच्या राधानगरीकडच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. मामा गेले आणि गाडीला कुणाचा हात लागला नाही. त्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना शेडमधल्या लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको.

*

चाचा म्हणजे आमचे मिस्त्री. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मिस्त्रीकाम करत आले. आता गॅरेज नाही, पण हात आहेत. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ कशालाही हात लावला नाही, नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "दादा, आधी हातानं फिरतंय का बघूया. फिरलं तर गाडी आपली."

चारही प्लग काढले. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण थोडं थोडं सोडलं आणि प्लगच्या भोकांवर फडकी कोंबून गाडी तशीच ठेवली. इथे उतावळेपणा चालत नाही. तेल रिंगांच्या फटीत उतरायला वेळ घेतं. मध्ये मध्ये पुन्हा तेल सोडायचं आणि पुढून हँडल लावून अलगद जोर द्यायचा. एका सकाळी हँडल बोटभर हललं. चाचांनी तिथेच थांबवलं, पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. दुसऱ्या दिवशी पूर्ण फेरा झाला. त्या क्षणी मला झालेला आनंद इंजिन सुरू झाल्यावरच्या आनंदाहून कमी नव्हता.

*

उंदीर. वायरिंगचं कापडी वेष्टण त्यांनी कुरतडलं होतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात घर केलं होतं. डब्याला भोक असलं की उंदीर शिरणार, नळीला तोंड असलं की कुंभारमाशी माती भरणार. बंद गाडीची सगळी तोंडं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

*

पेट्रोलचं लिहून ठेवायला हवं, कारण इथे बहुतेकांचा घोळ होतो. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. जेटचं भोक इतकं बारीक की केसाएवढा थरही गाडी बंद पाडतो. त्यात तार खुपसायची नाही, भोक मोठं होतं. घासलेटात किंवा कार्ब क्लीनरमध्ये भिजवायचं आणि हवेनं फुंकायचं. टाकी तळाशी गंजलेली असतेच. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना टाकीला बाजूला ठेवायचं. कार्ब्युरेटरच्या वर एका बाटलीत स्वच्छ पेट्रोल टांगायचं आणि नळीनं थेट द्यायचं. बाटली गरम सायलेन्सरपासून लांब हवी आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी हवं. ही खबरदारी बाटली टांगण्याहून महत्त्वाची.

आणखी एक गोष्ट नव्या काळाची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 1959 च्या रबराला त्याची ओळखच नाही. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा जुना डायाफ्राम त्यात फुगतो, नळ्या मऊ पडून चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तेव्हा डायाफ्राम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

*

करंट. डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण काढलं, पॉइंटवर हिरवट थर. बारीक पॉलिश पेपरनं घासले, गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान लावला, कंडेन्सर बदलला. वायरी 1-3-4-2 या क्रमानं. प्लग ब्लॉकला टेकवून हँडल फिरवलं तर निळी, कडक ठिणगी.

*

हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. या जोडीत विहिरीचं किंवा बोअरवेलचं पाणी भरत राहिलं तर ॲल्युमिनियम पाण्याच्या वाटांपाशी खाल्लं जातं आणि गॅसकेट फुंकते. आमच्या गाडीचं हेडही तसंच निघालं. उद्यमनगरात वेल्डिंग करून फेस मारून मिळालं. तिथल्या लेथवर होत नाही असं काम कमीच. आता रेडिएटरमध्ये फक्त कूलंट.

*

इंजिन सुरू झालं. आधी नवं ऑइल भरून प्लगशिवाय हँडलनं बराच वेळ फिरवलं होतं, बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचावं म्हणून. मग प्लग बसवले, बाटली टांगली आणि अखेर सेल्फ मारला. दोनदा खोकलं, मग धरलं. बोअरमधलं तेल जळून निळ्या धुरानं शेड भरलं. चाचांनी टॅपेटचा आवाज ऐकत मान हलवली. मामी ओटीवर उभ्या राहून रडत होत्या.

*

पण सुरू झालेली गाडी आणि चालवायची गाडी यांत अंतर आहे, आणि ते अंतर ब्रेकचं आहे. चारही चाकांना ड्रम, आणि हायड्रॉलिक सर्किट एकच. कुठलंही एक रबर फाटलं की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. बाहेरून काही दिसत नाही. पेडल घट्ट लागलं म्हणून विश्वास ठेवू नये. सगळी सिलिंडरं उघडायची, होज पाईप नवे घालायचे, आणि मगच गाडी फाटकाबाहेर. टायरला नक्षी शिल्लक आहे एवढ्यावर जाऊ नये. रबर कडक होऊन चिरलेलं असतं.

*

सुटे भाग अजून मिळतात याचं श्रेय मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून आलेल्या फियाटमध्ये आणि नंतरच्या प्रीमियर पद्मिनीमध्ये इंजिन मुळात तेच राहिलं, त्यामुळे पद्मिनीचे बरेच भाग जुन्या गाडीला चालतात. हजारो टॅक्सींसाठी ते बनत राहिले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. आता दुकानदारांकडे आहे तो जुना साठा. ज्यांना लागणार आहे त्यांनी तो आत्ताच घ्यावा.

*

कुणीतरी सुचवलं, "डिझेल इंजिन बसवून टाका, कटकट नको." अशा बदललेल्या गाड्या मी खूप पाहिल्या. माझं मत स्पष्ट आहे: मूळ इंजिन काढलं की उरतो तो पत्रा. कायदाही याच बाजूला आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात बदल न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

*

तुमच्या गावच्या घरी अशी गाडी उभी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा. मामांनी ते देवघरातल्या पेटीत जपलं होतं, म्हणून आमचं काम सोपं झालं. आणि कार्ब्युरेटर हातानं ओळखणारा एखादा म्हातारा मिस्त्री जवळपास असेल तर त्याच्याकडे याच महिन्यात जा. घरातल्या एखाद्या तरुणाला सोबत न्या, आणि मिस्त्री जे करतो ते त्याला स्वतःच्या हातानं करू द्या.