डोळे मिचकावण्याची अट

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या प्रकाशा गांवाला भाविक लोक दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वराच्या दर्शनास येणारांत वृद्ध, पंगू, अंध असे पुष्कळ असतात. घाटाच्या पायऱ्या त्यांना अवघड जातात खऱ्या. परंतु कोणी तरी हात पुढें करतो आणि काम भागतें. मोबाईलच्या पडद्यावरील पायऱ्यांचें मात्र तसें नाहीं. तेथें पुढें केलेला हात हीच कित्येकदां नवी अडचण होऊन बसते.

आमच्या शेजारच्या आबांची दृष्टि साठीनंतर गेली. नातवानें त्यांच्या मोबाईलमध्यें वाचून दाखविण्याची सोय चालू करून दिली. पडद्यावर बोट फिरवावें आणि बोटाखालचा मजकूर यंत्रानें बोलून दाखवावा, अशी ती युक्ति. आबांनी ती उत्साहानें आत्मसात केली. परंतु एका बँकेच्या ॲपमध्यें त्यांना 'बटण, बटण, बटण' एवढेंच ऐकूं येई. कारण बटणांवर नुसतीं चित्रें होतीं, त्यांना नांवें दिलेलीं नव्हतीं. एका कचेरीचें परिपत्रक उघडलें, तों तें कागदाचें छायाचित्र निघालें. दुसरें जुन्या फाँटमध्यें होतें. अशा फाँटमध्यें आंत रोमन अक्षरांचे संकेत आणि वर देवनागरीचा मुखवटा असतो. त्यामुळें यंत्र मराठीऐवजीं अगम्य बडबड करतें. शेवटीं ओळख पटविण्याकरितां आज्ञा आली, 'डोळे मिचकवा.' आबा हंसून म्हणाले, "मास्तर, पैसा माझा, पण किल्ली नातवाच्या हातीं!"

हें दुःख त्यांचें एकट्याचें नव्हे. ॲसिड-हल्ल्यांत चेहरा व डोळे यांस गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून प्रभृतींनीं आणि अमर जैन या अंध वकिलांनीं याच अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला, कीं डिजिटल सेवांपर्यंत पोंचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय. आणि ओळख पटविण्याचे पर्यायी मार्ग खुले करण्यासाठीं २० निर्देश दिले. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा तर २०१६ चा आहे, आणि संकेतस्थळें सर्वांना वापरतां यावींत यासाठीं आंतरराष्ट्रीय नियमावली १९९९ सालींच प्रसिद्ध झाली होती.

मागणी तरी केवढी? बटणाला नांव द्यावें, मजकूर युनिकोडमध्यें लिहावा, चित्राखालीं चार शब्दांचें वर्णन जोडावें. अंधांनीं आपल्या बाजूचें काम केव्हांच आरंभिलें आहे. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं संगणक वाचून दाखविणारें 'एनव्हीडीए' लिहावयास घेतलें. आजही तें विनामूल्य मिळतें. परंतु जेथें वाचण्याजोगें कांहीं ठेवलेलेंच नाहीं, तेथें यंत्रानें तरी काय वाचावें?

आबांचा नातू प्रेमळ आहे, याविषयीं शंका नाहीं. तथापि प्रेमाच्या माणसालाही आपला गुप्त क्रमांक सांगावा लागूं नये, ही आबांची इच्छा मला सर्वस्वी वाजवी वाटते.