घंटेखालचा बाक

बी.एड. झालं होतं, वर सात वर्षांची नोकरी झाली होती. तरी नववीतली एक मुलगी भर एप्रिलात लांब बाह्यांचा स्वेटर घालून येते, याचा मला फक्त राग आला, तोही गणवेशापायी. वर्गासमोर तो काढायला लावला. हातावरच्या खुणा दिसल्या आणि मी घाबरून आवाज चढवला.

पुढचं आठवायलाही नको वाटतं. शिक्षकखोलीत चौघींसमोर तिला उभं केलं. "आईवडिलांचा तरी विचार करायचास," म्हटलं. 'पुन्हा असं करणार नाही' असं लिहून घेतलं, खाली सही. मला वाटलं, मिटलं. तिने माझ्याकडे बघणंच सोडलं.

त्यानंतर मधल्या सुट्टीत ती शिपाई मावशींजवळ, घंटेखालच्या बाकावर दिसू लागली. मावशी खडूचे तुकडे निवडून डब्यात टाकायच्या, तीही टाकायची. बोलणं फारसं नसायचंच. एकदा जाताना कानावर आलं, "लई जड झालंय का गं? जीव नको वाटतो का?" माझ्या पोटात गोळा आला. नसतं ते पोरीच्या डोक्यात भरवतील! मुलगी बराच वेळ गप्प होती, मग रडली. मावशींनी ना उपदेश केला, ना हात बघायला मागितला. म्हणाल्या, "हे मी पोटात ठेवणार न्हाई. बाईंना सांगावं लागंल. पण तुला संगं घेऊनच सांगीन."

दोघी माझ्या टेबलाशी आल्या. मावशी उभ्याच होत्या. मी खुर्ची दिली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. त्या दिवशी मी पहिल्यांदा नुसतं ऐकलं. घरी काय आणि कसं सांगायचं, ते तिला विचारून ठरवलं.

जिल्हा रुग्णालयात तिच्या आईबरोबर मीही गेले. डॉक्टर म्हणाले, अशी इजा दरवेळी मरण्यासाठी नसते, पुष्कळदा असह्य झालेलं सोसण्याची ती धडपड असते. म्हणून हलक्यात मात्र घ्यायची नाही. थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हेही त्यांनीच सांगितलं. मी लेखी हमी घेतली होती, हे काही त्यांच्यापाशी कबूल करवलं नाही.

२०२२ मध्ये 'टेली मानस' या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सुरू झाला. तेव्हापासून दरवर्षी नव्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर मी तो आतून लिहिते. मुलांना सांगतेही. पण फोनच्या आधी कुणीतरी बाकावर सरकून जागा द्यावी लागते. ते मला मावशींमुळे कळलं, तेही उशिरा.

मावशींच्या निरोप समारंभात मी त्यांच्या वक्तशीरपणावर बोलले. खरं सांगण्यासारखं होतं ते त्या मुलीचं होतं. आज लिहितेय तेही तिला विचारून. समारंभानंतर मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी हाताला धरून बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "ती पोरगी आता जेवते का नीट?"