नट झालेला गायक

गायकाने नट व्हावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. संगीत रंगभूमीवर ज्याचा गळा गोड तोच नायक, असा प्रघात कित्येक वर्षे होता. पुढे बोलपट आला आणि थोर थोर गायकांची तेथे निराळीच परीक्षा झाली. त्या परीक्षेत एकास जे साधले नाही ते दुसऱ्यास कसे साधले, याचा विचार उद्बोधक आहे, असे आम्हांस वाटते.

ज्यांच्या गाण्यावर अवघा महाराष्ट्र लुब्ध होता, त्या बालगंधर्वांना घेऊन प्रभात कंपनीने १९३५ साली 'धर्मात्मा' हा बोलपट काढला. त्यात ते संत एकनाथ झाले. परंतु अपेक्षेइतके यश पदरी पडले नाही व कंपनीचा आणि त्यांचा योग तेवढ्यावरच संपला. पुढल्याच वर्षी, १२ डिसेंबर १९३६ रोजी, त्याच कंपनीचा 'संत तुकाराम' मुंबईस लागला आणि एकाच चित्रगृहात सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्यात तुकोबा झाले होते विष्णुपंत पागनीस. वय चव्वेचाळीस, पूर्वायुष्यात रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या, नंतर संगीतशिक्षकाचा पेशा पत्करलेला आणि भजनात रमलेला हा मनुष्य.

दोघेही गायक, दोघांचाही लौकिक स्त्रीभूमिकांचा, आणि दोघांच्याही वाट्यास संतचरित्र आले. मग भेद कोठे पडला? भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. रंगभूमीवर प्रेक्षक दूर असतो. तेथे वेशभूषा, हावभाव आणि 'वन्स मोअर' घेणारी तान यांवर पुष्कळ भागते. कॅमेरा मात्र अगदी मुखाजवळ येतो. तेथे चौथ्या प्रकारावाचून निभाव लागत नाही.

दिग्दर्शक दामले व फत्तेलाल यांनी हे मर्म चित्रपटाच्या आरंभीच दाखविले आहे. तुकोबा डोळे मिटून अभंग गात आहेत. लगेच तोच अभंग सालोमालो आपल्या नावावर, नाटकी ताना घेत, लोकांपुढे गातो. शब्द तेच, पण एक देवासाठी गातो, दुसरा लोकांसाठी. पागनीसांनी नट होण्यासाठी आपले गाणे सोडले नाही. भजनास बसल्यासारखेच ते कॅमेऱ्यापुढे बसले. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेला अभंग पुष्कळांना तुकोबांचाच वाटला, त्यात कवीच्या प्रतिभेइतकाच या गळ्याचाही वाटा असावा.

आमच्या एका नातवाचा गळा बरा आहे. येथे देवळाली प्रवरेस एकादशीच्या भजनात तो लहानपणापासून बसतो. आता त्यास पुण्यास जाऊन नट व्हायचे आहे. घरात दोन तट पडले. त्याचे काका म्हणतात, आधी पदवी हाती येऊ दे. आजी म्हणते, मुलगा हातचा जाईल. शेवटी प्रश्न आमच्याकडे आला. आम्ही त्यास नाही म्हटले नाही. त्यास 'संत तुकाराम' दाखविला आणि एवढेच विचारले, की सालोमालोच्या जागी बसायचे आहे की तुकोबांच्या? तो काही बोलला नाही. पण पुढल्या एकादशीस गाताना त्याची नजर श्रोत्यांवर फिरत नव्हती, हे आम्ही पाहिले.

या यशाची दुसरी बाजूही त्यास सांगितली. पागनीसांना पुढे 'संत तुलसीदास', 'नरसी भगत' अशा संतभूमिकाच मिळत गेल्या. १९४३ साली ते निवर्तले. कित्येक घरांत तुकोबांची तसबीर म्हणून त्यांचीच मुद्रा पुजली गेली. नटास याहून मोठा मान नाही. पण त्यात त्याचे स्वतःचे नाव मात्र मागे पडते. हे मोल देण्याची ज्याची तयारी असेल त्या मुलास घरच्यांनी अडवू नये. मात्र पहाटेचा रियाज आणि एकादशीचे भजन सुटणार नाही, एवढी अट वडीलधाऱ्यांनी अवश्य घालावी. आम्ही ती घातली आहे.