जास्वंदीवरचा चिकटो

जास्वंदीच्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांशी आणि पानांच्या बगलेत कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखी एक पांढरी कीड बसते. मराठीत तिला पिठ्या ढेकूण म्हणतात. आमच्या बडोद्यातले माळी तिला 'चिकटो' म्हणतात. दोन्ही नावं चपखल आहेत, पण पहिलं डोळ्यांनी ठेवलेलं आहे आणि दुसरं बोटांनी. आमच्या घरी ही कीड पहिल्यांदा सापडली ती बोटांनाच.

माझ्या सासूबाईंची नजर जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार कळतो, मोठे आकार कळतात, बाकी सगळं हातांनी आणि कानांनी. तरी रोज सकाळी अंगणात जाऊन गणपतीसाठी जास्वंदीची फुलं तोडायचं काम त्यांचं. ओटीवरून तीन पायऱ्या, मग भिंतीला हात लावून अकरा पावलं, मग झाड. उमललेलं फूल कुठलं आणि उद्याची कळी कुठली हे त्यांना बोटांनी कळतं. जास्वंदीचं फूल एकाच दिवसाचं, सकाळी उमलून संध्याकाळी मिटणारं, त्यामुळे हे काम रोजचंच. या कामात कुणी मदत केलेली त्यांना खपत नाही.

गेल्या चैत्रात एका सकाळी त्या आत येऊन म्हणाल्या, "पानांना काहीतरी चिकट लागतंय गं. आणि शेंड्याकडच्या कळ्या गोटीसारख्या घट्ट झाल्यात." जाऊन पाहिलं तर भिंतीकडच्या पाच-सहा फांद्यांचे शेंडे पांढरे झालेले. कोवळी पानं चुरगळून एकाच ठिकाणी गुच्छासारखी गोळा झाली होती आणि खालच्या पानांवर काजळी धरावी तशी काळी बुरशी. खोडावरून मुंग्यांची रांग वर-खाली चालूच.

ही सगळी लक्षणं एकाच गोष्टीची. पिठ्या ढेकूण सोंड खुपसून झाडाचा रस पितो. रसातली जास्तीची साखर तो मधासारख्या चिकट थेंबांतून बाहेर टाकतो, ते थेंब खालच्या पानांवर पडतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. जास्वंदीवरच्या गुलाबी जातीच्या लाळेत असा काही अंश असतो की शेंड्याची वाढ खुंटते, पानं आकसतात, कळ्या उमलत नाहीत. मुंग्या त्या गोड थेंबांसाठी येतात, आणि गवळ्यानं गाई राखाव्यात तसे हे ढेकूण राखतात. त्यांना खायला आलेल्या इतर किड्यांना मुंग्या चावून हुसकावून लावतात.

घरात दोन मतं पडली. सोसायटीत महिन्यातून एकदा औषध मारणारा येतो, तो म्हणाला, "बेन, मुळाशी एक औषध ओततो, पंधरा दिवसांत साफ." हे आंतरप्रवाही कीटकनाशक. ते मुळांतून रसात जातं आणि रस पिणारी कीड मरते, हे खरंच. पण तो रस फक्त शेंड्यापर्यंत जाऊन थांबत नाही, फुलातल्या मधातही उतरतो. आमच्या झाडावर सकाळी शिंजिरांची जोडी येते, मधमाश्या येतात. या गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्यावरच्या पिकांवरचा वापर युरोपीय संघानं 2018 मध्ये मधमाश्यांसाठीच बंद केला. आणि शिंजिरांच्या आधी माझ्या डोळ्यांसमोर आले ते सासूबाईंचे हात. रोज सकाळी पान न् पान चाचपणारे हात. शिवाय परसातल्या पाकळ्या आमच्याकडे डोक्याला लावायच्या तेलातही जातात.

(जाता जाता एक सांगते. आपल्याकडच्या प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. मारणाऱ्याला डबा दाखवायला सांगायचा. दाखवायला का-कू केली तर उत्तर मिळालंच समजा.)

दुसरं मत आमच्या ह्यांचं. "झाड जुनं झालंय, तोडून टाकू, नवीन लावू." तसं म्हणणं चूक नव्हतं. जास्वंद फांदीपासून सहज येते आणि हे झाडही सासऱ्यांनी दांडिया बाजारच्या वाड्यातून आणलेल्या फांदीचंच. मला वाटलं, सासूबाई आठवणींबद्दल काही बोलतील. त्या फक्त म्हणाल्या, "नवीन झाड फुलायला लागेपर्यंत मी सकाळी काय करू?"

यावर कुणी काही बोललं नाही. झाड राहायचं ठरलं आणि मुळाशी काही ओतायचं नाही हेही ठरलं. गणपतीला साडेचार महिने होते.

या किडीवर साधं पाणी किंवा औषध नुसतं शिंपडून फारसं काही होत नाही, कारण तिच्या अंगावर मेणाचं पीठ असतं. थेंब कमळाच्या पानावरून ओघळावा तसा ओघळतो. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि ती पिशवीही तशीच अभेद्य. मात्र अंड्यातून निघालेली पिल्लं सुरुवातीचे काही दिवस बिनमेणाची असतात, हिंडत असतात. तेवढीच आपली संधी. उन्हाळ्यात अंड्यापासून मोठी होईपर्यंत या किडीला साधारण महिना लागतो. म्हणून एकदा फवारून 'काही उपयोग झाला नाही' म्हणण्यात अर्थ नसतो. दर आठवड्याला, सलग चार-पाच आठवडे करावं लागतं.

सुरुवात कात्रीनं केली. गुच्छ झालेले शेंडे वीतभर खालून कापले आणि कापता कापताच पिशवीत टाकले, जमिनीवर पडू दिले नाहीत. पिशवीचं तोंड बांधून ती चार दिवस कडक उन्हात ठेवली. बडोद्याचं वैशाखातलं ऊन अशा कामाला फार उपयोगी. हे शेंडे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नयेत, तिथून पिल्लं पुन्हा चालत येतात.

मग मुंग्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आणि नेमकं तेच लोक सोडून देतात. खोडाला चार बोटं रुंद चिकटपट्टी घट्ट गुंडाळली आणि तिच्यावर ग्रीसचा जाड थर दिला. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही, साल खराब होते. दोन दिवस मुंग्या पट्टीखाली गोंधळून फिरल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा वर! पाहिलं तर एक फांदी कुंपणाच्या भिंतीला टेकलेली, तिच्यावरून पूल झालेला. ती छाटली तेव्हा रांग तुटली.

फवारणीला एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून दोन मिली सौम्य साबणाचं द्रावण. साबणानं मेणाचा थरही थोडा सुटतो. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, पानं करपतात. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस वाट पाहायची. वेळ संध्याकाळची, फुलं मिटल्यावर, मधमाश्या परतल्यावर. फवारणीच्या आदल्या दिवशी नळीच्या जोरदार धारेनं पानांच्या मागच्या बाजू धुवायच्या. घरात निंबोळ्या असतील तर त्याहून चांगलं. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घेतली की शेतकरी वापरतात तो पाच टक्के अर्क तयार होतो. वास मात्र सगळ्या गल्लीला कळतो. आणखी एक, त्या दिवसांत झाडाला युरिया किंवा भरमसाट खत अजिबात नको. नत्रानं लुसलुशीत पालवी फुटते आणि रस पिणाऱ्या किडीला पंगतच मांडल्यासारखं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी पंप भरत होते तेव्हा आमची लेक मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन फांदीचे फोटो काढत होती. ती ओरडली, "आई थांब, हा एक दुसऱ्यांना खातोय!"

फोटो मोठा करून पाहिला. पिठ्या ढेकणासारखाच पांढरा, पण आकारानं मोठा, अंगावर मेणाचे लांब झुलते धागे, आणि चालणारा. मोठे ढेकूण एका जागी चिकटून असतात, हा मात्र पुंजक्यात डोकं खुपसून पोट भरत होता. ही लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या कुळातली अळी. क्रिप्टोलीमस आणि स्किम्नस या भुंगेऱ्यांच्या अळ्या अशाच दिसतात, शत्रूच्या वेशातच. क्रिप्टोलीमस मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 साली भारतात मुद्दाम आणलेला. आजही प्रयोगशाळांत लाल भोपळ्यांवर पिठ्या ढेकूण वाढवतात आणि त्यावर हे भुंगेरे पोसून बागायतदारांना देतात. भोपळ्याचा असाही उपयोग होतो हे ऐकून सासूबाई खूप हसल्या.

त्या संध्याकाळी पंप रिकामा केला. मुंग्यांचा पहारा उठल्यावरच हे पाहुणे फांदीवर टिकले होते. आणखी शोधल्यावर काही ढेकूण पिंगट, टणक, फुगलेल्या दाण्यासारखे सापडले आणि त्यातल्या काहींच्या टोकाला गोल भोक. ते काम एका चिमुकल्या गांधीलमाशीचं. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि तिचं पिल्लू त्याला आतून खाऊन बाहेर पडतं. 2006 च्या सुमारास गुजरातमध्ये कपाशीवर पिठ्या ढेकणाचं मोठं संकट आलं होतं, शेतकरी फवारून थकले होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत ते ओसरलं त्यात अशाच एका गांधीलमाशीचा, एनेसियसचा, मोठा हात होता. ती कुणी सोडली नव्हती, शेतात आपोआप वाढली.

त्यानंतर फवारा थांबवून आम्ही फक्त पाण्याची धार चालू ठेवली, तीही पाहुणे नसलेल्या फांद्यांवर. तपासणीचं काम सासूबाईंकडे. फुलं तोडताना त्या प्रत्येक शेंडा चाचपायच्या आणि आत येऊन सांगायच्या, "भिंतीकडची तिसरी फांदी अजून चिकट आहे, बाकी कोरड्या." मी भिंग घेऊन पडताळून पाहायचे. त्यांची बोटं एकदाही चुकली नाहीत. आषाढातल्या पावसानंही आपलं काम केलं, त्याचं श्रेय आमच्याकडे घेत नाही.

गणेश चतुर्थीला त्यांनी स्वतः तोडलेली एकवीस फुलं वाहिली. शेजारच्या बेनसाठी टोपलीत चार जासूद वेगळे ठेवले होते.

कीड पूर्ण गेलेली नाही. मागच्या बाजूच्या एका फांदीवर थोडे ढेकूण आहेत आणि ती फांदी आम्ही तशीच राखली आहे, नाहीतर भुंगेऱ्यांनी आणि गांधीलमाश्यांनी खायचं काय? खोडावरची ग्रीसची पट्टी दर महिन्याला नवी करतो, ते काम लेकीकडे.

मंडळातल्या दोघी-तिघींनी या झाडाची फांदी मागितली आहे. जरूर देईन. नेल्यावर मात्र तीन-चार आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा आणि रोज शेंड्यांवरून बोट फिरवून पाहा.